फाइलचं नाव तिच्या मजकुरावरून: स्वतःचा बॅकअप सर्व्हर उभारताना

डीटीपीच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर दिवाळी अंकाचं फोल्डर उघडून बघा. 'मुखपृष्ठ फायनल', 'मुखपृष्ठ फायनल २', 'मुखपृष्ठ फायनल करेक्शन' आणि कोपऱ्यात एक 'मुखपृष्ठ नवीन'. यातली प्रेसला कुठली गेली ते नावावरून कळत नाही. दोन वेगळ्या फायलींचं नाव एकच असू शकतं, एकच फाइल चार नावांनी चार ठिकाणी पडलेली असू शकते, आणि नाव तेच राहून आतला मजकूर कालच्या रात्री कुणीतरी बदललेला असू शकतो. नाव माणसाने ठेवलेलं असतं, त्यामुळे नावाचा आणि मजकुराचा मेळ त्या माणसाच्या लक्षात राहील तेवढाच टिकतो.

साठवणुकीची एक पद्धत अशी आहे की तिच्यात नाव ठेवण्याचं काम माणसाकडे दिलेलंच नाही. फाइलमधल्या बाइट्सवर एक ठरलेलं गणित करायचं आणि जे उत्तर येईल तेच तिचं नाव. मजकूर तोच असेल तर नाव तेच येणार. एक स्वल्पविराम बदलला की नावही बदललं. या पद्धतीला कंटेंट-अ‍ॅड्रेसेबल स्टोरेज म्हणतात. प्रोग्रामर मंडळी कोडच्या आवृत्त्या सांभाळायला रोज वापरतात ते गिट याच तत्त्वावर चालतं, प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट बांधून पाठवणाऱ्या डॉकरच्या इमेजही याच पद्धतीने ओळखल्या जातात.

असा सर्व्हर घरी, कार्यालयात किंवा एखाद्या वाचनालयात उभा करायचा असेल तर काय काय करावं लागतं, आणि मुख्य म्हणजे का करावं लागतं, ते इथे सांगतो. उदाहरणाला रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम आणि त्याच्या जोडीचा रेस्ट-सर्व्हर घेतला आहे. अलेक्झांडर नॉयमान यांनी सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आहे, पैसे पडत नाहीत, आणि जुन्या डेस्कटॉपवरही तो नीट चालतो. मजकुरावरून नाव ठरवल्याने काय हाती लागतं आणि काय अंगावर येतं, हे दोन्ही त्यात उघड दिसतं, म्हणून त्याची निवड केली.

ठसा म्हणजे काय

नाव काढणाऱ्या गणिताला हॅश फंक्शन म्हणतात. त्याच्या उत्तराला आपण ठसा म्हणू. रेस्टिकमध्ये त्यासाठी एसएचए-२५६ वापरतात. फाइल दोन ओळींची असो की ४० जीबीची, ठसा कायम ६४ अक्षरांचा येतो. लिनक्सवर एक रिकामी फाइल तयार करा आणि तिच्यावर 'एसएचए२५६सम' ही कमांड चालवून बघा. पडद्यावर रोमन अक्षरांत जे उत्तर उमटेल ते 'ई३बी०सी४४२' असं सुरू होईल आणि 'बी८५५' असं संपेल. जगातल्या कुठल्याही मशीनवर रिकाम्या फाइलचा ठसा हाच. आता त्या फाइलमध्ये एक स्पेस टाकून पुन्हा चालवा. नव्या ठशाचं जुन्या ठशाशी काहीही नातं दिसणार नाही.

ठशावरून मजकूर परत काढता येत नाही, आणि हवा तो ठसा यावा म्हणून मजकूर जुळवूनही घेता येत नाही. या दोन गुणांवर पुढचं सगळं उभं आहे.

सगळ्यांच्या मनात इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे: दोन वेगळ्या फायलींचा ठसा चुकून एकच आला तर? एसएचए-२५६ चे शक्य ठसे म्हणजे १ वर ७७ शून्यं, एवढी संख्या. दोन ठसे योगायोगाने जुळण्याची शक्यता निम्म्यावर यायला ४ वर ३८ शून्यं इतक्या वस्तू साठवाव्या लागतील. एक टीबी डेटाचे सरासरी एकेक एमबीचे तुकडे केले तर ते होतात साडेदहा लाखांच्या आसपास. योगायोगाची भीती बाळगायचं कारणच नाही. त्याआधी डिस्क, रॅम, वायर आणि माणूस हे सगळे शेकडो वेळा चुकलेले असतील.

मुद्दाम घडवलेल्या टकरीची गोष्ट मात्र वेगळी. एसएचए-१ हे आधीच्या पिढीचं गणित. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी मजकूर वेगळा पण एसएचए-१ ठसा एकच, अशा दोन पीडीएफ फायली जाहीर केल्या. लगेच वेबकिट या ब्राउझर प्रकल्पात कुणीतरी त्या दोन्ही फायली चाचणीसाठी सबव्हर्जन या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीच्या भांडारात टाकल्या आणि ते भांडारच अडकून बसलं, कारण सबव्हर्जन आतून एकसारखा मजकूर ओळखायला एसएचए-१ वरच विसंबून होतं. आज नवा सर्व्हर उभारताना एमडी-५ (हे एसएचए-१ च्याही आधीचं गणित) किंवा एसएचए-१ वर चालणारी कुठलीही वस्तू घेऊ नये, हा माझा ठाम सल्ला त्या घटनेवरून आहे.

तुकडे कुठे पाडायचे

या विषयातला मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग हा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अख्ख्या फाइलला एक ठसा दिला तर ५०० एमबीच्या फाइलमध्ये एक ओळ बदलल्यावर पूर्ण ५०० एमबी नव्याने साठवावे लागतील. म्हणून फाइलचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा ठसा देतात. बदललेला तुकडा तेवढा नवा, बाकीचे आधीच सर्व्हरवर आहेत. पण तुकडे पाडायचे कुठे? सोपं उत्तर म्हणजे दर एक एमबीला एक तुकडा. हे उत्तर एका साध्या प्रसंगात कोसळतं. फाइलच्या सुरुवातीला दहा अक्षरं नवी घातली की पुढचं सगळं दहा अक्षरांनी सरकतं. प्रत्येक तुकड्याची हद्द हलली, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा मजकूर बदलला, म्हणजे प्रत्येक ठसा नवा. खरा बदल दहा अक्षरांचा आणि साठवण पुन्हा पूर्ण फाइलची.

एस.टी.चे थांबे दर पाच किलोमीटरला ठेवले आहेत अशी कल्पना करा. मार्गाच्या सुरुवातीला एक किलोमीटरचा वळसा वाढला तर पुढचा प्रत्येक थांबा भलत्याच जागी येईल. तेच थांबे पिंपळ, शाळा, पूल अशा खुणांपाशी ठेवले असतील तर वळशाच्या जवळचा एखादा थांबा बदलेल आणि पुढचे जागच्या जागी राहतील. रेस्टिक तुकड्यांच्या हद्दी याच रीतीने खुणांवरून ठरवतो. ६४ बाइट्सची एक छोटी खिडकी फाइलवरून पुढे सरकवत नेतो आणि प्रत्येक ठिकाणी त्या खिडकीपुरतं एक हलकंफुलकं गणित करतो. उत्तराच्या शेवटी ठरावीक संख्येने शून्यं आली की तिथे हद्द. खूण मजकुरातच असल्यामुळे मजकूर सरकला तर खूणही त्याच्याबरोबर सरकते. तुकडा ५१२ केबीपेक्षा लहान नाही, ८ एमबीपेक्षा मोठा नाही आणि सरासरी १ एमबीच्या आसपास, असा बेत असतो.

याचा परिणाम डोळ्यांनी बघता येतो. ४०० एमबीच्या एका स्कॅनची त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने नक्कल करा आणि बॅकअप पुन्हा चालवा. शेवटी रेस्टिक भांडारात, म्हणजे सर्व्हरवरच्या बॅकअपच्या साठ्यात, 'एवढी भर पडली' म्हणून आकडा दाखवतो. तो येईल काही केबींचा. नवं नाव कुठल्या फोल्डरमध्ये आहे याची नोंद तेवढी वाढली. 'फायनल २' आणि 'फायनल करेक्शन' या दोघांत एखाद्या पानाचाच फरक असेल तर सर्व्हरवरही साधारण तेवढाच फरक साठतो.

हा फायदा सगळ्या फायलींना सारखा मिळत नाही, हेही सांगायला हवं. झिपसारख्या दाबून ठेवलेल्या फायलींत मूळ मजकुरातला छोटा बदल पुढच्या सगळ्या बाइट्सना बदलून टाकतो. जेपीईजी फोटोचा उजेड थोडा वाढवून पुन्हा सेव्ह केला तर तो सर्व्हरच्या दृष्टीने पूर्ण नवा फोटो. न दाबलेले टिफ स्कॅन, साधा मजकूर, डेटाबेसचे रोजचे डंप (म्हणजे पूर्ण उतारे) यांना मात्र भरघोस बचत मिळते. २०२२ मध्ये आलेल्या ०.१४ आवृत्तीपासून रेस्टिक तुकडे पाडून झाल्यावर स्वतःच ते दाबतो. त्यामुळे डंप आधी झिप करून मग बॅकअपला देण्याची सवय सोडावी. तसाच, न दाबता द्यावा.

सर्व्हरवर प्रत्यक्ष काय पडतं

तुकडे लहान आणि संख्येने लाखो. एकेक वेगळी फाइल केली तर डिस्क त्यातच दमेल. म्हणून रेस्टिक अनेक तुकडे एकत्र बांधून साधारण १६ एमबीचा गठ्ठा करतो, कुलूपबंद करतो आणि तो गठ्ठा सर्व्हरला पाठवतो. कुलूपबंद म्हणजे एईएस-२५६ ने एन्क्रिप्ट केलेला. हे काम तुमच्या कॉम्प्युटरवर होतं, सर्व्हरवर नाही. सर्व्हरला फायलींची नावं दिसत नाहीत, फोटो दिसत नाहीत, तुकड्यांचे ठसेसुद्धा दिसत नाहीत.

मग सर्व्हरला काय दिसतं? कुलूपबंद गठ्ठे, आणि त्या प्रत्येकाचं नाव म्हणजे त्या कुलूपबंद गठ्ठ्याचाच एसएचए-२५६ ठसा. भांडाराच्या 'डेटा' फोल्डरमध्ये २५६ उपफोल्डर असतात. ठशाची पहिली दोन अक्षरं जी असतील त्या उपफोल्डरमध्ये तो गठ्ठा जातो. बाजूला 'इंडेक्स', 'स्नॅपशॉट्स', 'कीज' आणि 'लॉक्स' ही फोल्डर, आणि 'कॉन्फिग' नावाची एकच फाइल. ही कॉन्फिग सोडली तर भांडारातल्या प्रत्येक फाइलचं नाव तिच्या मजकुराचा ठसा आहे.

या एका वाक्यात सगळी ताकद आहे. गठ्ठा आला की रेस्ट-सर्व्हर त्याचा ठसा स्वतः काढतो आणि पाठवणाऱ्याने सांगितलेल्या नावाशी ताडून बघतो. वाटेत नेटवर्कने एखादा बिट बिघडवला असेल तर गठ्ठा तिथेच नाकारला जातो. ही तपासणी बंद करण्याचा पर्याय आहे, अगदी दुबळ्या यंत्रांसाठी. तो वापरू नका. शिवाय गठ्ठा आधी तात्पुरत्या नावाने लिहिला जातो आणि पूर्ण झाल्यावरच खऱ्या नावावर येतो, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी अर्धवट गठ्ठा खरा म्हणून मिरवत नाही. आणि एकदा लिहिलेली फाइल पुन्हा कधी बदलत नाही. बदलली तर नाव चुकीचं ठरेल.

आता एवढे विखुरलेले तुकडे परत फायली कसे होतात? प्रत्येक फोल्डरसाठी एक यादी असते: या फाइलचं नाव हे, तारीख ही, आणि तिचे तुकडे क्रमाने हे, हे आणि हे. ही यादीसुद्धा एक मजकूरच, तेव्हा तिलाही ठसा मिळतो. वरच्या फोल्डरच्या यादीत खालच्या यादीचा ठसा, असं करत करत सगळ्यात वर एक ठसा उरतो. तो, बॅकअपची वेळ आणि कॉम्प्युटरचं नाव यांची नोंद म्हणजे स्नॅपशॉट. खाली कुठल्याही फाइलमध्ये एक अक्षर बदललं तर बदल वरपर्यंत पोहोचतो. एका ठशाने त्या दिवसाचं अख्खं फोल्डर बांधलेलं असतं.

ही मांडणी आजची नाही. बेल लॅब्जमधल्या शॉन क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांनी २००२ मध्ये वेन्टी ही साठवण प्रणाली मांडली. तिच्यात ब्लॉकचा पत्ता म्हणजे त्याचा एसएचए-१ ठसा होता आणि एकदा लिहिलेलं पुसण्याची सोयच ठेवलेली नव्हती. गिट त्यानंतर तीन वर्षांनी, २००५ मध्ये आलं.

सर्व्हर उभा करताना

यंत्र साधं चालतं. लिनक्स टाकलेला जुना डेस्कटॉप, आत एक चांगली डिस्क, आणि वीज जायचा प्रश्न असेल तर छोटा यूपीएस. रेस्ट-सर्व्हर ही एकच चालवायची फाइल आहे. प्रकल्पाच्या पानावरून तुमच्या प्रोसेसरची फाइल उतरवून घ्या, तिच्यासाठी लिनक्सवर वेगळा वापरकर्ता तयार करा आणि डेटासाठी मोठ्या डिस्कवर एक फोल्डर त्या वापरकर्त्याच्या मालकीचं करून ठेवा.

पहिला खड्डा इथेच आहे. फोल्डर सांगितलं नाही तर रेस्ट-सर्व्हर तात्पुरत्या फायलींच्या जागी, म्हणजे लिनक्सवर 'टेम्प' फोल्डरमध्ये साठवायला लागतो. अनेक लिनक्स मशीन सुरू होताना ते फोल्डर साफ करतात. बॅकअप दिसतो, महिनाभर चालतो, आणि एका रीबूटमध्ये नाहीसा होतो. तेव्हा 'पाथ' हा पर्याय देऊन डेटाची जागा सांगणं ही पहिली पायरी.

दुसरी पायरी दारावरच्या नावांची. डेटाच्या फोल्डरमध्ये 'एचटीपासडब्ल्यूडी' या नावाची, पुढे टिंब असलेली लपलेली फाइल ठेवायची. त्याच नावाच्या साधनाने, बीक्रिप्ट या पासवर्ड लपवण्याच्या पद्धतीचा पर्याय निवडून, प्रत्येक वापरकर्त्याचा पासवर्ड तीत घालायचा. सर्व्हर पोर्ट ८००० वर ऐकतो. घरच्या वायफायच्या बाहेर त्याला आणायचं असेल तर टीएलएस (वाटेतला संवाद कुलूपबंद करणारी सोय) लावल्याशिवाय आणू नका. गठ्ठे कुलूपबंद असले तरी दारावरचा पासवर्ड साध्या एचटीटीपीवर उघडा जातो. मशीन सुरू झाल्यावर सर्व्हर आपोआप उठावा म्हणून सिस्टमडी या लिनक्सच्या कामं सुरू करणाऱ्या यंत्रणेत सर्व्हिस करून ठेवा. तिचा नमुना प्रकल्पातच दिलेला आहे.

पासवर्ड दोन आहेत आणि नवी माणसं त्यांची गल्लत करतात. एक सर्व्हरच्या दाराचा. तो विसरला तर सर्व्हर सांभाळणारा नवा करून देईल. दुसरा भांडाराचा. पहिल्यांदा भांडार तयार करताना रेस्टिक तो विचारतो. त्याच्याशिवाय मजकूर उघडत नाही आणि तो विसरला तर कुणीही, अगदी सर्व्हरचा मालकही, काही करू शकत नाही. एका भांडाराला एकापेक्षा जास्त पासवर्ड जोडता येतात. संस्थेचं काम असेल तर दुसरा पासवर्ड आजच जोडा आणि कागदावर लिहून, लिफाफ्यात घालून, चिटणिसांकडे किंवा खजिनदारांकडे ठेवायला द्या. एकाच माणसाच्या डोक्यात संस्थेचं पन्नास वर्षांचं दप्तर ठेवणं योग्य नाही.

यानंतर एक निर्णय घ्यावा लागतो. चार जणांनी एकच भांडार वापरायचं की प्रत्येकाचं वेगळं? एकच वापरलं तर चौघांकडे असलेला एकच फोटो एकदाच साठतो. पण भांडाराचा पासवर्ड चौघांकडे असणार, म्हणजे प्रत्येकाला सगळ्यांचं सगळं दिसणार. वेगळी भांडारं केली तर प्रत्येक भांडाराची किल्ली वेगळी, त्यामुळे तोच फोटो चार वेगळ्या कुलूपबंद रूपांत चारदा साठेल. सर्व्हरला ते एकच आहेत हे कळण्याचा मार्गच नाही. माझं मत असं की एका कामाची माणसं असतील तर एक भांडार, आणि एका घरातली असली तरी वेगळी आयुष्यं असतील तर वेगळी भांडारं. डिस्क स्वस्त आहे. वेगळ्या भांडारांसाठी 'प्रायव्हेट-रेपोज' हा पर्याय चालू केला की प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्याच नावाच्या फोल्डरमध्ये शिरता येतं.

आणि एक पर्याय मी कधीच बंद ठेवणार नाही: 'अपेंड-ओन्ली'. तो चालू असला की सर्व्हर नवं घेतो, जुनं वाचू देतो, पण पुसू देत नाही. फक्त तात्पुरत्या लॉक फायली काढता येतात. कार्यालयातल्या कॉम्प्युटरमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला तर तो हाती लागलेला बॅकअपही आधी नष्ट करतो. कारण त्या कॉम्प्युटरवर सर्व्हरचा पासवर्ड साठवलेलाच असतो. अपेंड-ओन्ली असेल तर त्या पासवर्डने त्याला फार तर नवा कचरा टाकता येईल. कालचा स्नॅपशॉट जागेवर राहील. मजकुरावरून नाव ठरणाऱ्या साठवणीला हा नियम अगदी सहज बसतो, कारण तिच्यात रोजच्या कामाला काहीच बदलावं किंवा पुसावं लागत नाही.

पुसायचं असतं तेव्हा

नेहमीच्या फोल्डरमध्ये फाइल पुसली की जागा मोकळी होते. इथे एक तुकडा दहा फायलींत आणि शंभर स्नॅपशॉटमध्ये सामील असू शकतो. तो पुसण्याआधी, आता कुणालाच तो नको आहे, हे सिद्ध करावं लागतं. म्हणून पुसणं दोन टप्प्यांत होतं. 'फर्गेट' केलं की नको असलेले स्नॅपशॉट जातात, म्हणजे वरच्या नोंदी. उदाहरणार्थ, सात दिवसांचे रोजचे, चार आठवड्यांचे आठवड्याचे आणि बारा महिन्यांचे महिन्याचे ठेवा, बाकी काढा. एवढ्याने डिस्कवर जागा जवळजवळ होत नाही. मग 'प्रून' उरलेल्या प्रत्येक स्नॅपशॉटपासून खाली उतरत कुठले तुकडे अजून वापरात आहेत त्याची यादी करतो आणि बाकीचे काढतो. गठ्ठ्यात काही तुकडे हवे, काही नको असतील तर हवे असलेले नव्या गठ्ठ्यात बांधून जुना गठ्ठा टाकून देतो. थोडी अडगळ मुद्दाम राहू देतो, एरवी ५ टक्क्यांपर्यंत, नाहीतर दर वेळी सगळं उपसावं लागेल.

अपेंड-ओन्ली सर्व्हरमधून हे करता येणार नाही, आणि तेच हवं आहे. साफसफाई सर्व्हरवरच बसून, भांडाराच्या फोल्डरचा थेट पत्ता देऊन करायची. ती रूटने, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याने, करू नका. ज्या वापरकर्त्याच्या नावाने रेस्ट-सर्व्हर चालतो त्याच्याच नावाने करा. नाहीतर नव्या गठ्ठ्यांची मालकी रूटकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हरला ते वाचताच येत नाहीत. फर्गेट चालवण्याआधी स्नॅपशॉटची यादी स्वतः वाचा. ज्याच्या हाती कार्यालयातला कॉम्प्युटर गेला आहे तो पुसू शकत नसला तरी खोट्या तारखांचे रिकामे स्नॅपशॉट भरपूर टाकू शकतो. मग 'शेवटचे सात ठेवा' या आज्ञेने खरे सात तुमच्याच हातून जातील.

एखाद्याने आपला फोटो किंवा कागद तुमच्या संग्रहातून काढून टाकायला सांगितलं तर आजच्या फोल्डरमधून पुसणं पुरेसं होत नाही. तो जुन्या प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये आहे. रेस्टिकच्या 'रीराइट' आज्ञेने ती फाइल वगळून स्नॅपशॉट पुन्हा लिहावे लागतात, जुने काढावे लागतात, आणि मग प्रून. सार्वजनिक संस्थेने हे आधीच माहीत करून घ्यावं. विनंती करणाऱ्याला 'पुसलं' म्हणून सांगताना ते खरोखर पुसलेलं असायला हवं.

तपासणी आणि दुसरी प्रत

सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे भांडाराचा पासवर्ड नसला तरी भांडार शाबूत आहे का हे तो तपासू शकतो. मघाची 'एसएचए२५६सम' कमांड 'डेटा' फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर चालवायची आणि उत्तर फाइलच्या नावाशी जुळतं का ते बघायचं. न जुळणारी फाइल सापडली तर डिस्कने तिथे दगा दिला आहे. आत काय आहे हे न कळता त्याची राखण करता येते. एखाद्या स्नेह्याच्या घरी तुमचा बॅकअप ठेवायचा असेल तर याहून सोयीचं काय असणार?

पासवर्ड असणाऱ्याने 'चेक' चालवावा. नुसता चेक नोंदींची जुळणी बघतो, गठ्ठे उघडत नाही. गठ्ठे वाचून बघायचे तर 'रीड-डेटा' हा पर्याय जोडावा लागतो आणि मोठ्या भांडारात तो तासन् तास चालतो. त्यावर चांगली सोय म्हणजे भांडाराचे बारा भाग कल्पून दर महिन्याला एक भाग वाचणं. वर्षभरात सगळं भांडार एकदा वाचून होतं. हे क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीला, लावून द्या आणि निकाल ईमेलने स्वतःकडे येईल असं करा.

ठसा बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण एकच तुकडा एकदाच साठवण्याची दुसरी बाजू इथे समोर येते. तो तुकडा सडला तर तो वापरणारे सगळे स्नॅपशॉट एकाच वेळी लंगडे होतात. शंभर दिवसांचे शंभर बॅकअप आहेत, पण त्या तुकड्याची प्रत एकच. मूळ फाइल अजून तुमच्या कॉम्प्युटरवर असेल तर बिघडलेला गठ्ठा बाजूला काढून बॅकअप पुन्हा घेतल्यावर तो तुकडा भरून निघतो. मूळ फाइलही नसेल तर दुसऱ्या डिस्कवरची प्रतच कामी येते.

दुसरी प्रत करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, भांडाराचं फोल्डर आरसिंक या फायली उतरवणाऱ्या साधनाने दुसऱ्या डिस्कवर उतरवणं. लिहिलेली फाइल बदलत नसल्यामुळे आरसिंकला दर वेळी फक्त नवे गठ्ठे न्यावे लागतात. दुसरा, रेस्टिकच्याच 'कॉपी' आज्ञेने वेगळ्या पासवर्डचं दुसरं भांडार भरणं. दुसऱ्या मार्गात प्रत्येक तुकडा उघडून, तपासून मगच पुढे जातो, म्हणून मला तो जास्त पटतो. पण त्यासाठी दुसरं भांडार तयार करतानाच पहिल्याची तुकडे पाडण्याची खूण तिकडे न्यावी लागते. प्रत्येक भांडाराची ही खूण वेगळी, सुरुवातीलाच ठरलेली असते. ती नेली नाही आणि पुढे त्या दुसऱ्या भांडारात थेट बॅकअपही घेऊ लागलात, तर त्याच फायलींचे तुकडे वेगळ्या जागी पडतील आणि काहीच जुळणार नाही. 'कॉपी-चंकर-पॅराम्स' हा तो पर्याय.

हे सगळं लावून झाल्यावर तीन-चार दिवसांनी एक काम करा. एखादी मोठी फाइल आणि एखादं खोल आत दडलेलं फोल्डर निवडा, त्यांचे ठसे मूळ जागी काढून लिहून ठेवा, मग 'रिस्टोर' करून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, लिफाफ्यातला पासवर्ड वापरून, ते परत आणा आणि तिथे ठसे पुन्हा काढा. दोन्ही याद्या अक्षरशः जुळल्या की बॅकअप चालू झाला असं समजा. सहा महिन्यांनी वेगळं फोल्डर निवडून हेच पुन्हा करा, आणि त्या वेळी ते संस्थेतल्या दुसऱ्या कुणाकडून करवून घ्या.